फी भरावी की शाळा उभारावी?

ज्यांच्या घरी मूल पाच वर्षांचे होत आले आहे, त्यांना ऑकलंडमधील आपल्या स्नेहमेळाव्यांत हमखास विचारले जाते : कोणत्या खाजगी शाळेत नाव घातले? माझी कन्या पुढील वर्षी पाच वर्षांची होईल, म्हणून हा प्रश्न मलाही टळलेला नाही. येथील नामांकित खाजगी शाळांत प्राथमिक वर्गाची वार्षिक फी वीस हजार डॉलरच्या वर आहे. पुष्कळ विचारांती ती भरायची नाही, असे आम्ही उभयतांनी ठरविले. त्याची कारणे समाजबांधवांपुढे मांडणे मला आवश्यक वाटते.

या फीमागे केवळ प्रतिष्ठेची हौस आहे, असे मी म्हणणार नाही. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे. त्या आठवणीचे आपण वारस आहोत. आपले मूल कोठेही वेगळे बसविले जाऊ नये, या धास्तीपोटी आपण महाग ते उत्तम मानून मोकळे होतो. धास्ती खरी आहे. तिच्यावर योजलेला उपाय मात्र तपासला पाहिजे.

न्यूझीलंडने १८७७ साली प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष केले. पाचच वर्षांनी, १८८२ मध्ये, महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. एकाच साम्राज्यात येथील वसाहतकऱ्यांना जे मिळाले, ते आपल्या पूर्वजांना नाकारले गेले. आज तीच सार्वजनिक शाळा आपल्या दाराशी आहे. या देशातील शंभरांपैकी जेमतेम चार-पाच मुले पूर्णतः खाजगी शाळेत जातात. पंधरा वर्षांच्या मुलांच्या 'पिसा' चाचण्यांतही, कुटुंबाची व शाळेची सामाजिक-आर्थिक स्थिती हिशेबात धरली की खाजगी शाळांची आघाडी सर्वसाधारणपणे उरत नाही.

बालपणीच्या शिक्षणाचे मोल सांगताना अमेरिकेतील पेरी बालशाळेचा दाखला नेहमी दिला जातो. १९६०च्या दशकात मिशिगनमधील १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांवर तो प्रयोग झाला. शाळेत गेलेल्या मुलांना त्याचा लाभ चाळिशीपर्यंत दिसून आला. मात्र तो लाभ वंचित मुलांना झाला होता आणि शिक्षिका दर आठवड्याला त्यांच्या घरी जात होत्या. आपली येथील मुले आज त्या स्थितीत नाहीत. त्या स्थितीत आहेत ती आपल्या गावाकडील वस्त्यांतील मुले.

कोणी विचारील, बाबासाहेबांनीही १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढून स्वतंत्र संस्था उभ्या केल्याच ना? अवश्य केल्या, परंतु ज्यांना दारे बंद होती, त्यांच्यासाठी. याच देशात शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी शिक्षा भोगली, त्या माओरी समाजाने १९८२ मध्ये वायनुइओमाता येथे पहिले कोहांगा रेओ सुरू केले. आजी-आजोबांनी बालकांशी आपल्या भाषेत बोलावे, एवढ्या साध्या पायावर काही वर्षांतच अशी शेकडो केंद्रे उभी राहिली. स्वतंत्र शिक्षण हे असे. फी भरून विकत घेतलेला वेगळेपणा ही मात्र श्रेणीबद्ध विषमतेची नवी पायरी आहे, आणि त्या पायरीवर आपण उभे राहणे आपल्याला शोभत नाही.

याचा अर्थ पैसे देणाऱ्या प्रत्येकाला दोष द्यावा असा नाही. दोघेही नोकरी करणाऱ्या घरात, तीन वर्षांनंतर शासन आठवड्याला वीस तासांचा भार उचलत असले तरी, बालसंगोपन केंद्राचा उरलेला खर्च टळत नाही. एखाद्या मुलाची विशेष गरज जवळची शाळा भागवू शकत नसेल, तर पालकांनी दुसरी वाट धरावी. त्यात संकोच कसला?

इतरांसाठी माझे तीन प्रस्ताव आहेत. मूल जवळच्या सरकारी शाळेत घालावे आणि त्या शाळेच्या मंडळाच्या निवडणुकीस उभे राहावे. १९८९ पासून येथील शाळांचा कारभार पालकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या हाती आहे. रविवारच्या वंदनेनंतर तासभर मुलांसाठी मराठीचा वर्ग घ्यावा आणि त्यात आपल्याकडे आलेल्या आजी-आजोबांना बोलते करावे. तिसरा प्रस्ताव विसाव्या भागाचा. धम्मदीक्षेनंतर नागपुरात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यास देण्याचे आवाहन केले होते. वाचलेल्या फीचा विसावा भाग काढला तरी वर्षाला एक हजार डॉलर होतात. दहा कुटुंबांनी ते एकत्र केले, तर गावाकडच्या एखाद्या वस्तीत बालवर्ग चालविता येईल आणि तेथील शिक्षिकेला वेळेवर वेतन देता येईल.

आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्यासाठी शाळेचे दार उघडून घेतले. आपली मुले आत पोहोचली आहेत. आता पाठीमागून येणाऱ्या मुलांसाठी ते दार धरून ठेवणे, हीच आपली खरी फी आहे.

जय भीम.