सीमेवरची मिठी

विहार व पवई तलावांच्या सांडव्यांतून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी आज उपनगरवासीयांना केवळ नाला वाटते. परंतु १६६५ साली इंग्रजांनी मुंबई बेट ताब्यात घेतले, तेव्हा तिचे मुख हीच दोन परकीय सत्तांची सीमा ठरली. दक्षिणेस इंग्रज, उत्तरेस साष्टीत पोर्तुगीज! एका राजकन्येच्या आंदणात ही भूमी वाटली गेली. येथील प्रजेला कोणी विचारले नाही.

१७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी साष्टी व वसई मुक्त केली. मराठे पैलतीरी येताच इंग्रज किती धास्तावले, याची साक्ष १७३७ साली धारावीत बांधलेला काळा किल्ला देतो. पुढे पेशवाईतील भाऊबंदकीचा लाभ उठवून इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस साष्टी बळकावली व सालबाईच्या तहाने ती पचवली. दुहीची किंमत भूमीने मोजली.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. भराव व अतिक्रमणांनी आक्रसलेल्या मिठीने कुर्ला-कलिना बुडवून आपली जागा परत मागितली. नदीला माता म्हणणाऱ्या समाजाने तिचे पात्र मोकळे राखणे, हीच खरी पूजा होय. ज्या तीराच्या मुक्तीसाठी मराठ्यांनी रक्त सांडले, तो कचऱ्याखाली गाडला जाऊ नये.