कुलूप लावलं म्हणजे लॅब बंद झाली?

युनिव्हर्सिटीत नवी लॅब उघडते तेव्हा फीत कापतात, फोटो काढतात, पेढे वाटतात. जुनी लॅब बंद होते तेव्हा? सर रिटायर होतात, दाराला कुलूप लागतं, किल्ली ऑफिसात जाते. विषय संपला! पण आत किरणोत्सारी वस्तू असेल तर तो संपत नाही.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० असलेलं एक गॅमा यंत्र होतं. १९८५पासून ते नुसतंच पडून होतं. फेब्रुवारी २०१०मध्ये ते भंगार म्हणून लिलावात गेलं आणि मायापुरीच्या भंगारबाजारात फोडलं गेलं. फोडणाऱ्यांना आत काय आहे ते माहीतच नव्हतं. एकाने तर त्यातला तुकडा पाकिटात ठेवला. एप्रिलमध्ये माणसं हॉस्पिटलात पोचली आणि एका कामगाराचा जीव गेला.

आता जरा गणित करू. कोबाल्ट-६०चं अर्धायुष्य साधारण सव्वापाच वर्षांचं. म्हणजे १९८५ ते २०१० या २५ वर्षांत त्याचा जोर जवळपास २७ पटींनी घटला होता. तरीही माणूस गेला. 'इतकी वर्षं पडून आहे, आता काय होणार?' हे म्हणणं इथे चालतच नाही.

म्हणून वाटतं, प्रत्येक विभागाची वेगळी आयसोटोप-खोली हा हट्ट आता सोडावा. जीवशास्त्रात जिथे पूर्वी फॉस्फरस-३२ लागायचा, तिथली बरीच कामं आज फ्लुरोसंट रंगांवर होतात. मग चार विभागांत चार कपाटं कशाला? सगळ्यांसाठी एकच सुसज्ज जागा, एक रजिस्टर आणि एक जबाबदार रेडिएशन सेफ्टी ऑफिसर असावा. बाकीच्या खोल्या रीतसर बंद कराव्यात. रीतसर म्हणजे कपाट न् कपाट तपासायचं, टेबलं, सिंक, फ्रिज यंत्राने मोजायचे, जुने स्रोत अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीने योग्य ठिकाणी पाठवायचे आणि मगच दारावरची पाटी काढायची.

'आमचं काम अडेल, प्रत्येक वेळी कॅम्पसच्या दुसऱ्या टोकाला कोण जाणार?' अशी कुरकुर होईल. ती खोटी नाही, त्रास होईलच. पैशांचंही तसंच. यंत्र घ्यायला ग्रँट मिळते, ते निकालात काढायला कोण देणार? माझं मत साधं आहे. विल्हेवाटीचा खर्च खरेदीच्या वेळीच बाजूला काढून ठेवा. तो परवडत नसेल, तर यंत्रही परवडत नाही.

कारण हलगर्जीपणा डिग्रीवाल्यांचा आणि भोगणार भंगार फोडून पोट भरणारा, हा कुठला न्याय?

तुमच्या कॉलेजात बंद दारावर तीन पाकळ्यांचं ते पिवळं चिन्ह दिसलं, तर आत डोकावू नका. पण विभागात जाऊन एवढं नक्की विचारा : आत काय आहे आणि आज त्याची जबाबदारी कुणाच्या नावावर आहे? उत्तर द्यायला कुणी पुढे आलं नाही, तर समजा, ती लॅब अजून बंद झालेली नाही.