दोन टक्के

मुंबईच्या निवडणुकांवरचा मराठी मजकूर हिंदीत नेताना मला एक शब्द हमखास अडवतो: टक्का. ‘मराठी टक्का घसरला’ असे आपण म्हणतो आणि ‘मतदानाचा टक्का घसरला’ असेही म्हणतो. पहिला टक्का शहरातल्या मराठी माणसांचा, दुसरा यादीतल्या ज्यांनी मत दिले त्यांचा. हिंदीत पहिल्याचा ‘आबादी में हिस्सा’ होतो, दुसऱ्याचा ‘मतदान प्रतिशत’, आणि दोन्ही वेगळे झाले की मूळ वाक्यातली धमकीच निघून जाते. मराठीत मात्र हे दोन टक्के एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फिरतात: आपली माणसे कमी झाली, म्हणून आपले मत कमी झाले, म्हणून शहर हातचे गेले. या मांडणीला राजकीय विश्लेषण म्हणण्याची प्रथा आहे. मला ती हिशेबातली लबाडी वाटते.

पहिला टक्का आधी घेऊ. 2011 च्या जनगणनेत मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे 44 लाख, हिंदी सांगणारे सुमारे 36 लाख. या 36 लाखांना ‘हिंदी मते’ म्हणून टाकायचे, तर जनगणनेच्या हिंदीत भोजपुरी, राजस्थानी, मगही, गढवाली अशा पन्नासहून अधिक मातृभाषा कोंबलेल्या आहेत हे विसरावे लागते. आणि त्याच जनगणनेत मालवणीची नोंद कोकणीखाली होते. म्हणजे लालबागच्या चाळीत तीन पिढ्या काढलेल्या आजोबांनी प्रगणकाला प्रामाणिकपणे ‘मालवणी’ असे उत्तर दिले, तर ते मराठी टक्क्यातून बाहेर! ज्या माणसाच्या नावाने हा टक्का मोजला जातो, त्यालाच तो मोजत नाही. प्रत्येकाला येणाऱ्या आणखी दोन भाषांची नोंदही प्रगणक घेतो. ते तक्ते प्रसिद्ध होतात, पण निवडणुकीच्या काळात ते उघडलेले मी पाहिलेले नाहीत. घरात कोकणी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी अशा माणसाचे मत कोणाच्या खात्यात टाकायचे हे त्यांतून कळत नाही, म्हणून असेल.

समजा, टक्का अचूक मोजला. तरी त्यावरून कल कळतो का? गिरणगावाने 1957 मध्ये आणि पुन्हा 1967 मध्ये कम्युनिस्ट श्रीपाद अमृत डांगे यांना लोकसभेत पाठवले. जून 1970 मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, आणि त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. तीन वर्षांत कोकणातून वेगळी माणसे आली नव्हती. चाळी त्याच, पाळ्या त्याच, खानावळी त्याच. बदलली ती संघटना, दहशत, आणि ‘आपला शत्रू कोण’ याचे उत्तर. 1967 मध्येच दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटलांना पाडले. मंगलोरहून आलेला, कामगारांचे संप घडवणारा हा ख्रिस्ती तरुण कुठल्या टक्क्याचा उमेदवार होता?

लोकसंख्येचा कलाशी काहीच संबंध नाही असे मी म्हणत नाही. कोण कुठे राहतो, भाडेकरू की मालक, कोणाच्या नळाला पाणी किती वाजता येते, यांतून राजकारण घडते. पण हे सारे सोडून आडनावांच्या यादीवरून भाषा ताडायची, आणि भाषेवरून मत, याला दोनदा चुकलेला अनुवाद म्हणतात.

आता दुसरा टक्का. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात 66 टक्के मतदान झाले, कुलाब्यात 44 च्या आसपास. लगेच ‘उच्चभ्रू उदासीन’ हे वार्षिक कीर्तन सुरू झाले. त्याच दिवशी धारावीही पन्नाशीच्याच आसपास रेंगाळली होती, पण तिथल्या उच्चभ्रूंना कोणी झापले नाही.

हा टक्का यादीवर काढतात, रहिवाशांवर नाही. जौनपूरच्या ज्या माणसाचे नाव गावच्या यादीत आहे तो वीस वर्षे साकीनाक्याला राहत असला, तरी त्याचे न दिलेले मत मुंबईचा आकडा खाली आणत नाही, जौनपूरचा आणते. उलट, पुनर्विकासात खोली देऊन किंवा भाडे परवडेना म्हणून बदलापूरला गेलेल्या कुटुंबाची नावे परळच्या यादीत राहिली, तर परळ आळशी ठरते. मराठी टक्का मुंबईबाहेर नेला तो घरांच्या किमतींनी. मतदानाचा टक्का जिथे पडला तिथेही पुष्कळदा हीच माणसे आहेत. दोन टक्क्यांमधले खरे नाते असेल तर ते हे आहे, आणि नेमके तेच भाषणात येत नाही. कारण ते आले की बिल्डरचे नाव घ्यावे लागेल.

मतदानाच्या दिवशी रोजंदारीवरच्या कामगारालाही पगारी सुट्टी देण्याची तरतूद कायद्यात आहे. पाच घरची भांडी घासणाऱ्या बाईने ती कोणाकडे मागायची? 29 डिसेंबर 2022 रोजी निवडणूक आयोगाने स्थलांतरितांसाठी एकाच ठिकाणाहून 72 मतदारसंघांचे मतदान घेऊ शकणारे यंत्र जाहीर केले. विरोधी पक्षांनी शंका घेतल्या. त्यातल्या काही रास्तही होत्या. पण दुसरा मार्ग कोणी सुचवला नाही, आणि प्रश्न तिथेच पडून राहिला. कोणत्याच पक्षाला या मतदाराची घाई नाही, कारण तो कुठल्या टक्क्यात बसेल याची कोणालाच खात्री नाही.

2027 मध्ये प्रगणक पुन्हा दारात येईल. मातृभाषेच्या रकान्यात काय सांगायचे याचे फलक तेव्हा चौकाचौकांत लागतील, मराठीतही आणि हिंदीतही. लावणाऱ्यांनी त्याच फलकावर, जरा मोठ्या अक्षरांत, घर बदलल्यावर मतदारयादीतला पत्ता बदलण्यासाठीचा नमुना 8 कुठे भरायचा तेही छापावे.