पांढरी दोन

परगावी गेल्यावर तिथले देऊळ आणि तिथली मैफल पाहिल्यावाचून परतू नये, असे आमचे थोरले बंधू म्हणत. त्यांचाच मुलगा, आमचा पुतण्या, अमेरिकेत केंटकी राज्यातील लुइव्हिल शहरी नोकरीस आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात शिक्षणखात्याकडून रजा मिळवून (तो अध्याय स्वतंत्र लेखाचा आहे) आम्ही सौभाग्यवतींसह तीन आठवडे त्याच्याकडे राहून आलो. त्या महिन्याच्या चौथ्या गुरुवारी तिकडे थँक्सगिव्हिंगचा सण असतो. सणानंतरच्या शनिवारी रात्री त्याच्या मित्राकडे 'ब्लूग्रास' गाण्याबजावण्याचा बेत ठरला होता.

ब्लूग्रास म्हणजे निळे गवत. केंटकीचे हे टोपणनाव. ते गवत आम्ही पाहिले, हिरवेच होते.

मोटारी बाहेर काढून गराज मोकळे केले होते. कोपऱ्यात शेगडी, तिच्याभोवती दहाबारा खुर्च्या. येणाऱ्यांत एक सेवानिवृत्त वायरमन होते, एक परिचारिका होत्या, शाळेची बस चालवणारे एक गृहस्थ होते. ज्याने त्याने आपापला पदार्थ आणलेला. मक्याच्या पिठाचा पाव आम्हांस मानवला. सौभाग्यवतींचे शंकरपाळे तर वाद्ये सुरात लागण्यापूर्वीच संपले.

वाद्ये पाच: फिडल, मँडोलिन, गिटार, बँजो आणि उभ्याने वाजवायचे थोरले बास. तबला नाही, ढोलक नाही. आम्ही आपले ठेका शोधत राहिलो. मग ध्यानी आले की बास मात्रेवर बोलते आणि दोन मात्रांच्या मध्ये मँडोलिनच्या दाबलेल्या तारांवर एक कोरडा आघात पडतो. त्या दोहोंवर सारा डोलारा उभा. लय द्रुत, चेहरे हसरे. पण पुतण्याने दोन गाण्यांच्या मध्ये अर्थ सांगितला तेव्हा आम्ही चपापलो. आई गेलेली, डोंगरातले घर ओस पडलेले, परतीची वाट राहिली नाही! आपल्याकडे जात्यावरच्या ओवीत सासुरवाशीण रडते, पण जाते थांबत नाही. त्यातलाच हा प्रकार.

हे संगीत शेकडो वर्षांचे असणार, असे आम्ही मास्तरी आत्मविश्वासाने बोलून गेलो. वायरमन हसले. चाली जुन्या, पण हा घाट त्यांच्या वडिलांच्या हयातीतला. त्याचे जनक बिल मन्रो १९११ मध्ये याच राज्यातील रोझीन गावी जन्मले. आठ भावंडांत धाकटे. फिडल आणि गिटार थोरल्यांनी घेतलेली. याच्या वाट्यास मँडोलिन आले, आणि आवाज फार होऊ नये म्हणून आठांपैकी चारच तारा लावण्याची आज्ञा झाली! दहाव्या वर्षी आई गेली, सोळाव्या वर्षी वडील. पुढे आश्रय दिला तो फिडल वाजवणाऱ्या पेंडल्टन व्हँडिव्हर यांनी. त्यांच्यावर मन्रोंनी रचलेले 'अंकल पेन' हे गाणे आजही गायिले जाते. इंग्रजी 'अंकल'मध्ये नाते बुडून जाते. हे आईचे भाऊ, म्हणजे मामा. अर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाचाही मन्रोंवर मोठा ठसा. बँजोचे मूळही आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांकडचे.

अठराव्या वर्षी मन्रो इंडियानात तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात कामास गेले. १९३९ साली नॅशव्हिलच्या रेडिओवर त्यांचा 'ब्लू ग्रास बॉइज' हा वृंद वाजू लागला. त्यावरूनच पुढे या संगीताला नाव पडले. १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज तीन बोटांचा बँजो घेऊन येऊन मिळाले, आणि घाट पक्का झाला. डोंगर सोडून डेट्रॉइट, सिनसिनाटीच्या कारखान्यांत गेलेल्यांनी हे गाणे उराशी धरले. म्हणजे गावाचे हे गाणे गाव सुटल्यावर घडले! तीन पिढ्या इंदुरात राहून घरात 'आमच्या वाईला' म्हणणाऱ्या आम्हांस हे निराळे समजावून सांगावे लागले नाही.

रिवाज असा की वर्तुळातील प्रत्येकाने पाळी आली की एक गाणे घ्यायचे, सूर सांगायचा, आणि मध्येच मान हलवून शेजाऱ्याकडे सोपवायचे. वारकरी भजनात एकाचा चरण दुसरा उचलतो तसे. पाळी फिरत आमच्यापाशी आली. आम्ही हात जोडले. पुतण्या म्हणाला, "काका, बाबांचा अभंग घ्या ना."

बंधू २०१६ साली गेले. त्यांची पेटी कपाटावर चढली, आणि गुरुवारचे भजन बंद पडले. गेली सात वर्षे आम्ही गायिलो नव्हतो.

"सूर?" वायरमननी विचारले. "पांढरी दोन," आम्ही म्हणालो. सारे गप्प. पुतण्याने भाषांतर केले, "डी." गिटारवाल्याने थोडे चाचपडून एकच सूर धरून ठेवला. फिडल आणि मँडोलिन यांच्या तारा एकाच रीतीने लावलेल्या असतात. त्यांत या पट्टीचे षड्ज-पंचम मोकळ्या तारांवरच मिळतात. तंबोऱ्याची उणीव भासली नाही. बंधूंची चाल आठवत दोन चरण नीट गेले. तिसरा आठवेना. फिडलवाल्या बाईंनी आमचा चेहरा पाहिला आणि मान हलवून चाल स्वतःकडे घेतली. तेवढ्यात आम्ही ध्रुवपद गाठले. टाळ्या पडल्या. पुतण्या मात्र मँडोलिनकडेच पाहत होता. तिसरा चरण त्यालाही येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्याने इंदूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसात. वहिनी देवापुढे दिवा लावून बसलेल्या. चारचौघांत त्या कधी गायिल्या नव्हत्या. आढेवेढे न घेता त्यांनी चारही चरण म्हटले, आणि पुतण्याने ते लिहून घेतले. दुसऱ्या चरणातही आमचा एक शब्द चुकला होता.