यंत्राची दुरुस्ती केव्हा करावी?

बदलापूर-अंबरनाथकडील भातशेतीत बैलांचे काम पुष्कळ ठिकाणी आता पॉवर टिलरकडे आले आहे. चिखलणीचे दिवस मोजके. ते चुकले तर राबातील रोप जून होते. अशा वेळी बेअरिंग फुटले, तर खर्च केवळ बेअरिंगाचा नसतो. आवणीस आणलेली माणसे बांधावर बसून राहतात आणि उल्हासनगरहून फिटर येईपर्यंत खाचरातले पाणी उतरते. तरीही 'चालते आहे तोवर उघडू नये' हाच आमच्यातील शिरस्ता. तो आम्हांस मान्य नाही. दरवर्षी सारे भाग बदलावेत हा दुकानदारी सल्लाही तितकाच अमान्य आहे.

ह्या प्रश्नाचे गणित अमेरिकेत रिचर्ड बार्लो व लॅरी हंटर यांनी १९६० साली सूत्रबद्ध मांडले. त्याचे मर्म आपल्या जमाखर्चाच्या वहीतही मावेल. समजा, दहा बेअरिंगांपैकी एक पहिल्या हंगामात, दोन दुसऱ्यात व सात तिसऱ्यात निकामी होतात. सवडीने बदलण्यास १,००० रुपये पडतात. ऐन चिखलणीत मोडल्यास सर्व खोटीसह ६,०००. मोडेपर्यंत चालविल्यास दहांना ६०,००० रुपये लागून २६ हंगाम निघतात, म्हणजे हंगामी सुमारे २,३०८. दर हंगामाअखेर बदलल्यास हंगामी १,५००. दोन हंगामांनी बदलल्यास तीन मोडतात, सात सवडीने निघतात. २५,००० रुपयांत १९ हंगाम, म्हणजे हंगामी सुमारे १,३१६. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, रीत मात्र खरी आहे.

जो भाग झिजून मोडतो त्यासच ती लागू पडते. विजेचा दाब एकाएकी चढून पंपाची मोटर जळते, तेथे नव्या-जुन्याचा भेद नाही. ती आगाऊ बदलणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. उल्हास नदीचा जुलै २००५ व जुलै २०१९ मधील पूर ज्यांनी पाहिला, त्यांस हे निराळे सांगावयास नको. नदीकाठचा पंप वाचतो तो उंचावर बसविल्याने.

यंत्राचे वय वर्षांत मोजू नये. वर्षातील बहुतेक महिने ते पडवीतच उभे असते. कामाचे तास लिहावेत, आणि कोणता भाग किती तासांनी गेला तेही. एकट्या शेतकऱ्याजवळ दहा बेअरिंगांचा अनुभव नसतो, गावाजवळ असतो. म्हणून अशी सामाईक नोंदवही आपल्या संघानेच ठेवावी, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. पहिली नोंद येत्या दिवाळीनंतर, यंत्रे धुऊन ठेवताना, करता येईल.