मानसिक आरोग्याचा हक्क कायद्यात, पण माणसे कुठे आहेत?

विरार पश्चिमेला बोळिंजमध्ये म्हाडाच्या इमारती उभ्या राहिल्या आणि नवी कुटुंबे राहायला आली. घराचा हप्ता, लोकलचा लांबचा प्रवास, कंत्राटी नोकरी हा ताण सोबत आलाच. घरातले कोणी झोपेनासे, बोलेनासे झाले की नातेवाईक आम्हा सामाजिक कार्यकर्त्यांना विचारतात, "न्यायचं कुठे?"

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, पण प्रादेशिक मनोरुग्णालय ठाण्यातच राहिले. लोकलने जायचे तर दादरला गाडी बदला, सोबतच्या माणसाची दिवसभराची मजुरी बुडवा. काही खेपांनंतर जाणे थांबते आणि औषधही बंद पडते.

मूळ प्रश्न मनुष्यबळाचा आहे. एक लाख लोकांमागे किमान तीन मानसोपचारतज्ज्ञ हवेत. देशात आहेत सुमारे ०.७५. वसई-विरार शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १२ लाखांवर होती. त्या जुन्या आकड्यालाही ३६ तज्ज्ञ लागतात. देशाच्या सरासरीने वाट्याला येतात नऊ, तेही सरकारी आणि खासगी मिळून. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना राहतात.

एकट्या डॉक्टरने भागत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, मनोसामाजिक कार्यकर्ताही लागतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातली अशी पदे कंत्राटी असतात. माणूस सोडून गेला की रुग्णाचा पाठपुरावाही तुटतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याबाबत स्पष्ट आहे. कलम १८ नुसार जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल, तर त्याच जिल्ह्यात अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने द्यायचा आहे. कलम ३१ नुसार तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्यासाठी शासनाला दहा वर्षे दिली आहेत. कायदा २०१८ मध्ये लागू झाला, म्हणजे मुदत २०२८ मध्ये संपते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे महापालिका व जिल्हा प्रशासनाने जाहीर करावे. पदे कायमस्वरूपी भरावीत. बोळिंजमध्ये आठवड्यातला एक ठरलेला दिवस मानसोपचाराच्या ओपीडीसाठी असावा. उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करू या.

तोवर प्रत्येक विहाराच्या फलकावर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावू या. ध्यानाने मनाला आधार मिळतो, पण म्हणून कोणाचीही गोळी बंद करायला सांगू नका. उपचार हा हक्क आहे. तो मागायला लाज कसली?