चित्रफितीतील एक क्षण

अनेक कुटुंबांत दिवंगत वडीलधाऱ्यांचे धड एक छायाचित्र नसते. मात्र जुन्या लग्नाच्या चित्रफितीत ते क्षणभर हसताना दिसतात. तो क्षण पडद्यावरून मोबाईलने टिपला, तर धूसर येतो. फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेली ‘एफएफएमपेग’ ही विनामूल्य संगणकप्रणाली तीच चौकट थेट फाईलमधून काढून देते.

आपल्याकडील जुन्या चित्रणात सेकंदाला २५ म्हणजे तासाला ९०,००० चौकटी असतात. फाईलमध्ये त्यांपैकी मोजक्याच पूर्ण साठवलेल्या असतात. त्या आरंभीच्या शिलकेसारख्या. पुढील चौकटींत केवळ फरकाच्या नोंदी. प्रणाली हा हिशेब जुळवून हवे ते चित्र उभे करते. कमांडमध्ये फाईलचे नाव, नेमकी वेळ, चौकटींची संख्या आणि नव्या चित्राचे नाव द्यावे. डोळे मिटलेले आढळल्यास त्या सेकंदाच्या पंचवीसही चौकटी काढून त्यांतील उत्तम निवडावी. चित्र पीएनजी स्वरूपात ठेवावे. त्यात तपशील घटत नाही.

कॅसेटवरील चुंबकीय लेप मात्र वर्षागणिक क्षीण होतो. फितीवरून पुसलेला चेहरा कोणतीही कमांड परत आणू शकत नाही. म्हणून कपाटातील कॅसेट प्रथम संगणकावर उतरवून घ्यावी. चौकट निवडण्यास मग सवड आहे.